जुन्या शिक्षणसंस्थेचे अभिलेख संगणकावर नेताना : एका सचिवांच्या प्रश्नाला उत्तर

नागपूर जिल्ह्यातील एका जुन्या शिक्षणसंस्थेच्या सचिवांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. संस्थेच्या शाळांची दाखल-खारीज रजिस्टरे, म्हणजे विद्यार्थ्यांच्या प्रवेशाची व शाळा सोडल्याची नोंदवही, स्वातंत्र्यापूर्वीपासूनची आहेत आणि त्यांची पाने आता हात लावला तरी तुटतात. नव्वदच्या दशकातील पगारपत्रके आणि निकाल एका बंद पडलेल्या डॉस संगणकात व फ्लॉपींवर आहेत. त्यानंतरचा पत्रव्यवहार आणि सभांची कार्यवृत्ते कृतिदेव व श्री-लिपी अशा फॉन्टमध्ये टंकलिखित केलेली आहेत, आणि अलीकडचे शुल्क व प्रवेशाचे काम एका भाड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये चालते. एका पुरवठादाराने हे सारे स्कॅन करून क्लाउडवर ठेवण्याचा प्रस्ताव दिला असून, एकदाच खर्च करा आणि कायमचे निश्चिंत व्हा, असे त्याचे म्हणणे आहे. तो स्वीकारावा का, आणि स्कॅनिंग झाल्यावर कागद रद्दीत काढता येईल का, असे सचिवांनी विचारले आहे.

दोन्ही प्रश्नांची उत्तरे आधीच देऊन टाकतो. प्रस्ताव आहे तसा स्वीकारू नये, आणि दाखल-खारीज रजिस्टरे तर कोणत्याही परिस्थितीत रद्दीत काढू नयेत. पुरवठादाराचे यंत्र किंवा दर यांच्याविषयी माझी तक्रार नाही. ‘एकदाच’ हा शब्द मला खटकतो. कागदाचे रजिस्टर कोरड्या कपाटात पन्नास वर्षे कुणी उघडले नाही तरी वाचता येते. संगणकावरील नोंदीकडे मात्र दहा वर्षे दुर्लक्ष झाले, तर ती शाबूत असूनही वाचता येईनाशी होते, कारण तिला उघडणारे सॉफ्टवेअर, तिचा फॉन्ट आणि तिची माहिती असलेला माणूस या तिन्ही गोष्टी तोवर गेलेल्या असतात. म्हणून डिजिटल अभिलेख हा खर्चाचा एक प्रसंग न मानता दरवर्षीच्या अंदाजपत्रकातील एक शीर्ष मानावा लागतो. तेवढी तयारी नसेल, तर आहे ते कागद नीट बांधून, झाकून ठेवणे अधिक शहाणपणाचे आहे, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

आपल्या फॉक्सप्रो या माहिती साठविण्याच्या सॉफ्टवेअरचेच पाहा. एकेकाळी नागपुरातील निम्म्या कार्यालयांची पगारपत्रके त्यावर निघत असावीत, असे वाटण्याइतका त्याचा प्रसार होता. मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये पुढची आवृत्ती काढणार नसल्याचे जाहीर केले आणि २०१५ च्या जानेवारीत अखेरच्या आवृत्तीचा आधारही संपला. शाळांचे वार्षिकांक ज्यावर सजत त्या पेजमेकरची अखेरची आवृत्ती २००१ सालची. फ्लॉपी बनविणे सोनीने २०११ मध्ये थांबविले. यातील कोणतीही वस्तू एका रात्रीत नाहीशी झाली नाही; प्रत्येक वेळी काही वर्षांची सवड होती, आणि त्या सवडीत नोंदी पुढच्या स्वरूपात नेण्याची जबाबदारी कुणावरही सोपविलेली नव्हती. आज ज्याला क्लाउड म्हणतात त्याचेही हेच होणार आहे, हे धरूनच पुढचे सर्व वाचावे.

आता कामाचा क्रम. पहिले काम स्कॅनिंगचे नसून छाननीचे आहे. शासकीय कार्यालयांत कागद सहा गठ्ठ्यांत लावण्याची सहा गठ्ठे पद्धत आणि अ, ब, क, ड अशी वर्गवारी पूर्वापार चालत आलेली आहे. ‘अ’ वर्ग कायम जपायचा आणि ‘ड’ वर्ग वर्षभरात नष्ट करायचा, ही त्यामागची कल्पना संगणकाच्या आधीची असली तरी संगणकासाठी ती अधिकच आवश्यक ठरते. संस्थेच्या बाबतीत दाखल-खारीज रजिस्टरे, सभांच्या कार्यवृत्त पुस्तिका, जमिनीची व इमारतीची कागदपत्रे, धर्मादाय आयुक्तांकडील फेरफार अर्ज व आदेश, सेवापुस्तके आणि वैयक्तिक मान्यतेची पत्रे हे कायमचे किंवा दीर्घ मुदतीचे अभिलेख आहेत. वीजबिलांच्या झेरॉक्स, आलेल्या परिपत्रकांच्या चार-चार प्रती आणि स्नेहसंमेलनाच्या निमंत्रणांची पुडकी स्कॅन करून पुरवठादाराला पानामागे पैसे देण्यात अर्थ नाही. पानाच्या दराने काम घेणारा माणूस छाननी सुचविणार नाही, हेही लक्षात असू द्यावे. नष्ट करायच्या कागदांची यादी करून कार्यकारी मंडळाचा ठराव घ्यावा आणि तो ठराव मात्र ‘अ’ वर्गात ठेवावा.

दाखल-खारीज रजिस्टरांकडे मी जरा सविस्तर वळतो, कारण बाहेरच्या माणसांना आपल्या संस्थेच्या साऱ्या कागदांपैकी हेच लागते. जात पडताळणीच्या प्रकरणात अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या मानीव, म्हणजे त्या-त्या प्रवर्गासाठी ठरवून दिलेल्या, दिनांकांपूर्वीचा पुरावा विचारला जातो, आणि ग्रामीण भागातील कित्येक कुटुंबांपाशी आजोबा-पणजोबांच्या शाळेतील नोंदीखेरीज दुसरे काहीच नसते. २०२३ च्या अखेरीस कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा राज्यभर शाळांची जुनी रजिस्टरे उघडली गेली, हे आपण पाहिलेच आहे. या नोंदीतील एक अक्षर बदलले, तर एखाद्या मुलाचा वैद्यकीय किंवा अभियांत्रिकीचा प्रवेश अडतो. त्यामुळे येथे वेगापेक्षा हुबेहूबपणा महत्त्वाचा आहे.

स्कॅनिंग रंगीत आणि निदान ३०० डीपीआयवर, म्हणजे इंचामागे ३०० ठिपक्यांवर, करून घ्यावे. शुद्ध काळे-पांढरे स्कॅन कमी जागा घेते म्हणून पुरवठादार तेच पुढे करतात. पण त्यात फिकट झालेली शाई उडते, लाल शाईतील दुरुस्ती मूळ नोंदीसारखीच काळी दिसते आणि शिक्क्याखालची सही वाचता येत नाही. जन्मतारखेत सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशाने केलेली दुरुस्ती लाल शाईत असेल, तर ती लाल दिसली पाहिजे. ए-४ आकाराचे एक पान ३०० डीपीआयवर रंगीत आणि असंकुचित ठेवले तर सुमारे २६ एमबी होते. चाळीस हजार पाने म्हणजे एक टीबीच्या आसपास. आजच्या डिस्कच्या किमतीत ही काटकसर करण्याजोगी बाब राहिलेली नाही. मूळ प्रत टिफ स्वरूपात आणि दैनंदिन वापराची प्रत पीडीएफ-ए स्वरूपात घ्यावी. पीडीएफ-ए हे दीर्घकालीन जतनासाठीचे आंतरराष्ट्रीय मानक असून त्याचा पहिला भाग आयएसओ १९००५ या क्रमांकाने २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात फॉन्ट फाइलमध्येच अंतर्भूत असणे बंधनकारक आहे आणि बाहेरच्या कशावर अवलंबून राहण्यास मज्जाव आहे.

संकोचनाविषयी, म्हणजे फाइलीचा आकार घटविण्याविषयी, एक इशारा येथेच देतो. २०१३ मध्ये जर्मनीतील एका संशोधकाने दाखवून दिले की, एका नामांकित कंपनीची कॉपियर यंत्रे स्कॅन करताना सहाच्या जागी आठ असे आकडे बदलून टाकत होती. जागा वाचविण्यासाठी ती यंत्रे सारख्या दिसणाऱ्या चिन्हांपैकी एकच चित्र साठवीत आणि ते सर्वत्र वापरीत. पान स्वच्छ दिसे, आकडा मात्र चुकीचा असे. जन्मतारखांच्या रजिस्टरात असे झाले, तर ते कुणाच्याही ध्यानात येणार नाही. तेव्हा मूळ प्रतीसाठी माहिती न गमावणारे संकोचनच वापरायचे, हे करारात लिहून घ्यावे आणि प्रत्येक रजिस्टरातील काही पाने मूळ पानाशेजारी ठेवून ताडून पाहावीत.

नुसते स्कॅन केले म्हणजे नोंद सापडते असे नाही. हाताने लिहिलेल्या जुन्या देवनागरी नोंदी ओसीआरने, म्हणजे चित्रातील अक्षरे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने, वाचून घेऊ, असे प्रस्तावात म्हटले असेल तर त्या ओळीवर सरळ काट मारावी. छापील मराठीसाठी टेसरॅक्टसारखी मोफत साधने बऱ्यापैकी चालतात. बोरूच्या आणि टाकाच्या वळणासाठी आपल्या कामाला पुरेल असे काही नाही. त्याऐवजी तोच पैसा सूची हाताने करण्यावर खर्च करावा. सूचीत रजिस्टर क्रमांक, पान क्रमांक, अनुक्रमांक, विद्यार्थ्याचे नाव, वडिलांचे नाव, जात, गाव, जन्मतारीख, प्रवेशाची व शाळा सोडल्याची तारीख एवढे रकाने पुरतात. नाव, जात आणि गाव यांच्यासाठी मात्र प्रत्येकी दोन रकाने ठेवावेत, एकात रजिस्टरात जसे आहे तसे आणि दुसऱ्यात शोधण्यापुरते प्रमाण रूप. नागपूर १९५६ पर्यंत त्या वेळच्या मध्य प्रदेशाची राजधानी होते. त्या काळच्या नोंदी हिंदी वळणाने लिहिलेल्या आढळतात, कुणबीचे ‘कुनबी’ आणि कळमेश्वरचे ‘कलमेश्वर’ झालेले असते. सूची करणारी मुलगी सुशिक्षित आणि नेटकी असेल, तर ती हमखास हे ‘सुधारून’ लिहिते. दाखला सूचीवरून कधीही द्यायचा नाही, तो पान पाहूनच द्यायचा, ही सक्त सूचना मुख्याध्यापकांना लेखी द्यावी.

ही सूची एक्सेलमध्ये होणार हे गृहीत आहे, म्हणून तारखांबद्दल सांगणे भाग आहे. जन्मवर्ष दोन आकड्यांत लिहिले तर एक्सेल शतक स्वतः ठरविते. ‘२८’ लिहिलेला विद्यार्थी १९२८ ऐवजी २०२८ मध्ये जन्मतो, आणि ही सीमारेषा विंडोजच्या मांडणीनुसार बदलत असल्याने दोन संगणकांवर भरलेल्या एकाच सूचीत दोन वेगळे निकाल मिळू शकतात. १ जानेवारी १९०० पूर्वीची तारीख एक्सेल तारीख म्हणून स्वीकारीतच नाही, ती साधा मजकूर म्हणून राहते आणि क्रमवारी लावताना तळाशी जाते. ५/६ म्हणजे पाच जून की सहा मे, याचा घोळ तर नेहमीचाच. उपाय सोपा आहे : दिवस, महिना आणि चार आकडी वर्ष हे तीन स्वतंत्र रकाने ठेवावेत आणि ते भरण्याआधीच मजकूर स्वरूपात लावून घ्यावेत, म्हणजे ००४७ या अनुक्रमांकाची पुढची शून्येही गळणार नाहीत. काम संपल्यावर सूचीची एक प्रत युटीएफ-८ संकेतातील सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल, म्हणून ठेवावी. ती पाहायला ओबडधोबड असते, पण उद्या कोणतेही सॉफ्टवेअर आले तरी ती उघडेल.

आता बंद पडलेला डॉस संगणक आणि फ्लॉपी. येथे एकच नियम पाळावा : दुरुस्तीच्या नावाखाली तो संगणक कुणालाही चालू करून पाहू देऊ नये. हार्ड डिस्क बाहेर काढून, तिच्यावर काहीही लिहिले जाणार नाही अशा रीतीने तिची संपूर्ण हुबेहूब प्रत, म्हणजे डिस्क इमेज, आधी घ्यावी आणि पुढचे सारे प्रयोग त्या प्रतीवर करावेत. साडेतीन इंची फ्लॉपीचे यूएसबी ड्राइव्ह नागपूरच्या बर्डी बाजारात शोधले तर किंवा ऑनलाइन अजूनही मिळतात. फ्लॉपी घालण्यापूर्वी तिच्या कोपऱ्यातील सरकती खिडकी उघडी करावी, म्हणजे तिच्यावर लेखन होत नाही. सव्वापाच इंची मोठ्या फ्लॉपी असतील तर हे ड्राइव्ह उपयोगाचे नाहीत, त्यासाठी डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडेच जावे लागेल. बुरशी दिसत असलेली फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये घालू नये. ती स्वतः तर जातेच, पण ड्राइव्हचे हेड खराब करून मागून येणाऱ्या दहा फ्लॉपींनाही घेऊन जाते.

फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाइली लिबरऑफिसमध्ये आजही उघडतात, त्यामुळे पगाराचे आकडे बहुधा सुखरूप मिळतील. नावांचे काय होईल, हे त्या वेळी मराठीसाठी काय वापरले होते त्यावर अवलंबून आहे. संगणकात बसवायचे सी-डॅकचे जिस्ट कार्ड असेल तर मजकूर आयएससीआयआय या भारतीय संकेतप्रणालीत असेल. तिचे मानक १९९१ चे असून युनिकोड या आजच्या सार्वत्रिक संकेतप्रणालीचा देवनागरी तक्ता तिच्याच मांडणीवर बेतलेला आहे, म्हणून हे रूपांतर तुलनेने सरळ होते. पगाराचे सॉफ्टवेअर प्रिंटरच्या पोर्टला लावायच्या हार्डवेअर लॉकवर चालत असेल, तर तो लॉक कुठल्या ड्रॉवरमध्ये पडला आहे ते आजच शोधून त्यावर चिठ्ठी लावावी. मात्र त्याच्यावाचूनही नुसत्या डीबीएफ फाइली वाचता येतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

कृतिदेव आणि श्री-लिपीतील फाइलींचा प्रश्न मला सर्वांत निकडीचा वाटतो, कारण त्या फाइली आज उघडतात आणि त्यामुळे कुणालाही काळजी वाटत नाही. या फॉन्टमध्ये फाइलीत मराठी अक्षरे साठविलेली नसतातच. कृतिदेवमध्ये ‘नागपूर’ टंकलिखित केले की फाइलीत यू, के, एक्स, आय, डब्ल्यू, जे ही सहा रोमन अक्षरे जातात आणि फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरी चित्रे दाखवितो. फॉन्ट गेला की कार्यवृत्त गेले. फॉन्ट असला तरीही शोध घेता येत नाही, क्रमवारी लागत नाही, आणि त्यावरून केलेली पीडीएफ दिसायला निर्दोष असली तरी तिच्यातून मजकूर उचलला की पुन्हा तीच रोमन अक्षरे हाती येतात.

युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने अनेक आहेत, मोफतही आहेत, पण ती आंधळेपणाने वापरू नयेत. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकलिखित होते, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफाराचे नेमके उलट आहे. साधन ही अदलाबदल बहुतेक वेळा बरोबर करते, मात्र जोडाक्षरावर वेलांटी आणि रफार एकत्र आले की चुकते. त्यातही हिंदीसाठी तयार केलेली साधने ‘वऱ्हाड’ आणि ‘दुसऱ्या’ मधल्या अर्ध्या ऱ्यापाशी हमखास अडखळतात. दुसरा धोका इंग्रजी शब्दांचा : ठरावात मधेच रोमनमध्ये एखादा खाते क्रमांक किंवा कंपनीचे नाव आले असेल, तर सर्व मजकूर एकदम रूपांतरित करणारे साधन त्याचीही निरर्थक देवनागरी करून ठेवते. त्यामुळे फॉन्ट पाहून तेवढाच भाग बदलणारे साधन निवडावे, आणि रूपांतरित मजकूर मूळ छापील प्रतीशी कुणीतरी ओळीने वाचून ताडावा. मूळ फाइल, ती ज्या फॉन्टमध्ये आहे तो फॉन्ट आणि रूपांतरित फाइल असे तिन्ही एकत्र ठेवावे. यापुढे कार्यालयात एकही नवे पत्र युनिकोडखेरीज टंकलिखित होऊ नये. टंकलेखन यंत्रावरच्या रेमिंग्टन कळपाटाची सवय असलेल्या लिपिकांना त्याच मांडणीत युनिकोड टंकलेखन करता येते, तेव्हा सवयीची सबब टिकत नाही.

साठवणुकीबाबत नागपूरचे हवामान विसरून चालणार नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि शाळा बंद असल्याने संगणकाची खोली कुलूपबंद तापत राहते. स्वतः नोंदवून घेतलेल्या सीडी-डीव्हीडींचा रंगथर अशा उष्णतेत लवकर उतरतो. एसएसडी आणि पेनड्राइव्ह वीज न देता कपाटात ठेवले तर त्यांच्यातील विद्युतभार उष्णतेने लवकर गळतो, म्हणून दीर्घ साठवणुकीसाठी मी ते वापरू देत नाही. दुसरीकडे, उन्हाळ्यात अभिलेखाच्या खोलीत कूलर लावण्याची आपल्याकडील पद्धत कागदासाठी उन्हापेक्षा घातक आहे. खोली थंड होते, पण रजिस्टरांना बुरशी लागते. खोलीत कूलर नको, पंखा आणि खिडकी पुरे. तुटणाऱ्या पानांना सेलोटेप लावू नये आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नये. अशा रजिस्टरांसाठी पुराभिलेख संचालनालयाच्या नागपूर येथील कार्यालयाचा सल्ला घ्यावा.

पाण्याचे म्हणाल तर २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट शहर विसरलेले नाही. काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये तळघरे व तळमजले पाण्याखाली गेले. संगणक आणि त्याची बॅकअप डिस्क एकाच टेबलावर ठेवणाऱ्यांचे दोन्ही गेले. किमान तीन प्रती असाव्यात : एक शाळेत, एक दुसऱ्या वस्तीतील संस्थेच्या कार्यालयात वरच्या मजल्यावर, आणि एक नागपूरबाहेर, मग ती क्लाउडवर असो वा अमरावती-वर्ध्याच्या एखाद्या संलग्न संस्थेत. यांपैकी एक प्रत कोणत्याही संगणकाला अथवा इंटरनेटला जोडलेली नसावी, कारण खंडणीखोर व्हायरस जोडलेल्या सर्व डिस्क एकदमच कुलूपबंद करतो.

प्रत केली म्हणजे ती शाबूत आहे असे नव्हे, आणि ते तपासण्यासाठी प्रत्येक फाइलीचे हॅशमूल्य काढून ठेवावे. एसएचए-२५६ पद्धतीने फाइलीवरून चौसष्ट चिन्हांची एक ओळ मिळते. फाइलीतील एक बिंदू जरी बदलला तरी ती ओळ पार बदलते. विंडोजमध्ये त्यासाठी वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. या ओळींची यादी दरवर्षी पुन्हा काढून जुन्या यादीशी ताडली, की कोणती फाइल बिघडली ते नेमके कळते आणि ती दुसऱ्या प्रतीवरून भरून काढता येते. त्याच वेळी वीस-पंचवीस फाइली यदृच्छया निवडून, त्या ज्याने ठेवल्या नाहीत अशा कर्मचाऱ्याला उघडून दाखवायला सांगाव्यात. माझ्या अनुभवात हीच चाचणी सर्वाधिक काही शिकवून जाते, आणि नेमकी हीच कुणी करीत नाही.

या हॅशमूल्यांना आता कायद्यातही स्थान मिळाले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंद पुराव्यात देताना जे प्रमाणपत्र जोडावे लागते, त्याच्या नमुन्यात हॅशमूल्य नमूद करण्याची जागा आहे. अशा प्रमाणपत्राची आवश्यकता सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जालन्याच्या एका निवडणूक प्रकरणात, अर्जुन खोतकर यांच्या अपिलात, ठामपणे सांगितलेली होतीच. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे कलम ७ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात अभिलेख ठेवण्यास मान्यता देते, पण ती नोंद पुढे वापरता येईल अशी सुलभ राहिली पाहिजे आणि मूळ नोंदीशी तिचा तंतोतंतपणा दाखविता आला पाहिजे, या अटींवर. याचा अर्थ स्कॅन केले की रजिस्टर फाडता येते, असा कुणी लावू नये. जात पडताळणीचे दक्षता पथक शाळेत येते तेव्हा ते शाई पाहते, खाडाखोड पाहते, ओळीच्या मधे नंतर घुसविलेले अक्षर पाहते. शिवाय योग्य ताब्यातून आलेल्या तीस वर्षांहून जुन्या कागदाला साक्षीच्या कायद्यात खरेपणाचे जे गृहीतक लाभते, ते मूळ कागदाला लाभते. स्कॅनमुळे रजिस्टर रोज हाताळावे लागत नाही, हा त्याचा खरा लाभ आहे आणि तो पुरेसा मोठा आहे.

उलट दिशेनेही सावध राहावे लागते. माहिती अधिकार अधिनियम, २००५ अनुदानित शाळांना अभिलेख सूचीबद्ध ठेवायला सांगतो, तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम गरजेपेक्षा जास्त वैयक्तिक माहिती साठवू नये असे सांगतो. प्रत्येक प्रवेश अर्जासोबत आलेल्या आधारच्या प्रती वर्षानुवर्षे फोल्डरमध्ये पडून असतील, तर त्यांचा हिशेब लावायला हवा. रजिस्टराच्या पानाचा फोटो शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकून ‘हे नाव कुणी ओळखते का’ असे विचारण्याची प्रथा मात्र आजच बंद करावी, कारण त्या एका पानावर इतर वीस मुलांच्या जाती आणि जन्मतारखाही असतात.

पुरवठादाराच्या कराराकडे येतो. संस्था आणि पुरवठादार यांची फारकत होईल त्या दिवशी काय मिळेल, हे करारातील सर्वांत महत्त्वाचे कलम होय, आणि आपल्याला मिळालेल्या मसुद्यात ते नाही. त्यात लिहून घ्यावे की सर्व फाइली त्यांच्या मूळ स्वरूपात व मूळ नावांनी, सर्व सूची सीएसव्हीमध्ये रकान्यांच्या अर्थासह, आणि हॅशमूल्यांची यादी, असे सारे मागणीनंतर ठरलेल्या दिवसांत विनामूल्य परत मिळेल. फाइलींना नावे सॉफ्टवेअरने दिलेल्या सांकेतिक क्रमांकांनी नसावीत. शाळा, रजिस्टर आणि पान कळेल अशी असावीत, म्हणजे सॉफ्टवेअर नसतानाही फोल्डर उघडून काम चालते. ही परतीची सोय सही करण्यापूर्वी शंभर पानांवर प्रत्यक्ष करून दाखवायला सांगावी. जो आढेवेढे घेईल त्याला तेथेच नमस्कार करावा. शुल्काच्या भाड्याच्या सॉफ्टवेअरलाही हीच कसोटी लावावी आणि दर ३१ मार्चनंतर त्यातील वर्षभराची माहिती बाहेर काढून आपल्या प्रतींत जमा करावी. डिजिटल सही केलेल्या आदेशांबाबत एवढेच, की सहीच्या प्रमाणपत्राची मुदत काही वर्षांचीच असते. सही वैध दिसत असतानाच तिच्या पडताळणीचा तपशील फाइलीसोबत जपून ठेवावा.

शेवटी राहतो खात्यांचा प्रश्न, आणि तो पुरवठादार सोडवू शकत नाही. क्लाउडचे खाते, डोमेन आणि ईमेल संस्थेच्या नावाने असावे, कोणत्याही पदाधिकाऱ्याच्या किंवा लिपिकाच्या वैयक्तिक जीमेलवर नसावे. पासवर्ड मोहोरबंद पाकिटात अध्यक्ष आणि सचिव या दोघांच्या ताब्यात असावेत आणि बदलले की पाकीटही बदलावे. ओटीपी ज्या मोबाइलवर येतो ते सिम संस्थेच्या मालकीचे असावे आणि त्याचा रिचार्ज कार्यालयीन खर्चात पडावा. कित्येक संस्थांत तो ओटीपी आजही निवृत्त होऊन पुण्याला मुलाकडे राहायला गेलेल्या बडेबाबूंच्या फोनवर जातो आणि त्यांना दुपारची झोप मोडून तो वाचून दाखवावा लागतो. कार्यकारी मंडळाच्या येत्या सभेत अभिलेखांची जबाबदारी एका व्यक्तीवर आणि तिच्या गैरहजेरीत दुसऱ्या व्यक्तीवर नावानिशी सोपविणारा ठराव घ्यावा, त्यासाठी वार्षिक तरतूद करावी, आणि पुरवठादाराचा प्रस्ताव त्यानंतरच्या सभेपुढे ठेवावा.